कपाचा भाव आणि स्पर्धा कायदा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या अर्थविषयक पुरवणीत फ्रँचायझी व्यवसायावर नुकताच जो लेख आला, त्यात 'मुख्य कंपनीने जाचक अटी घातल्यास फ्रँचायझीधारकाला स्पर्धा आयोगाकडे दाद मागता येते' असे एक वाक्य होते. ते चुकीचे नाही, पण अर्धवट आहे. आणि त्याचे कात्रण खिशात घेऊन गेल्या पंधरवड्यात तीन जण माझ्याकडे येऊन गेले, म्हणून हे पत्र लिहीत आहे. मी सांगलीत कर सल्लागार आहे. चहा, आइस्क्रीम, वडापाव, रक्ततपासणीची संकलन केंद्रे, लहान मुलांच्या शाळा अशा निरनिराळ्या धंद्यांत दुसऱ्याच्या नावाची पाटी लावून दुकान चालवणाऱ्या वीस-पंचवीस जणांचे हिशेब माझ्याकडे असतात. मी वकील नाही. करारातली कलमे मला खरेदी-विक्रीच्या बिलांतून दिसतात, आणि तिथून ती कधी कधी जास्त स्पष्ट दिसतात.

विषय नेमका कळावा म्हणून एक फाईल उघडून दाखवतो; नावे अर्थातच देत नाही. माझे एक पक्षकार साखर कारखान्यातून निवृत्त झाल्यावर विश्रामबागेत दहा बाय बाराच्या गाळ्यात चहाच्या एका ब्रँडची फ्रँचायझी चालवतात. अमृततुल्य चहाचे लोण पुण्यातून निघून जिल्ह्याजिल्ह्यांत कसे पोहोचले, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. जाहिरातीत 'रॉयल्टी शून्य' असे ठळक अक्षरांत छापलेले होते आणि गृहस्थांना तेच भावले. तीन लाख रुपये फ्रँचायझी फी, साडेचार लाख सजावटीचे (तीही कंपनीने नेमलेल्या ठेकेदाराकडूनच करून घ्यायची), आणि पाच वर्षांचा करार. दूध आणि साखर इथल्या बाजारातून घ्यायची. चहा-मसाल्याचे मिश्रण, कागदी कप, टिश्यू पेपर आणि कामगारांचे एप्रन मात्र कंपनीकडूनच. चहाचा दर कंपनी ठरवणार. दुकानात दुसऱ्या कोणाचेही पेय किंवा खाद्यपदार्थ ठेवायचे नाहीत. करार संपल्यावर तीन वर्षे पाच किलोमीटरच्या परिसरात चहाचा धंदा करायचा नाही. वाद झालाच तर लवाद कंपनीच्या गावी, कंपनी नेमेल तो.

मार्चअखेरीला बिले लावताना कपांच्या आकड्यावर माझी नजर अडकली. कंपनीचा कप ९२ पैशांना पडत होता. तेवढ्याच मापाचा आणि तेवढ्याच जाडीचा कप, वर कंपनीचे चिन्ह छापून, ५५ पैशांत द्यायला इथला घाऊक व्यापारी तयार होता. दिवसाला सरासरी सातशे कप जातात. कपामागे ३७ पैसे म्हणजे दिवसाचे २५९ रुपये आणि महिन्याचे पावणेआठ हजारांच्या आसपास. रॉयल्टी शून्य होती हे खरे, फक्त ती कपाच्या भावात घालून वसूल होत होती. गृहस्थांनी तो हिशेब दोनदा तपासला आणि मग विचारले, 'पण असे करणे बेकायदा नाही का?' या प्रश्नाचे उत्तर आपल्या लेखातल्या त्या एका वाक्यात बसत नाही.

स्पर्धा कायदा २००२ चा आहे. मक्तेदारीला आळा घालणाऱ्या १९६९ च्या एमआरटीपी कायद्याची जागा त्याने घेतली, आणि करारांविषयीचे कलम ३ व वर्चस्वाच्या गैरवापराविषयीचे कलम ४ प्रत्यक्षात लागू झाले ते २० मे २००९ पासून. कलम ३ करारांचे दोन वर्ग करते. एकाच पातळीवरच्या धंदेवाल्यांनी, म्हणजे दोन सिमेंट कंपन्यांनी किंवा चार औषध विक्रेत्यांनी, आपसांत भाव ठरवला किंवा गिऱ्हाईक वाटून घेतले, तर स्पर्धेला बाधा आली असे कायदा गृहीतच धरतो. तसे झाले नाही हे त्यांनी सिद्ध करायचे. कंपनी आणि तिचा फ्रँचायझीधारक मात्र एकाच साखळीत वर-खाली असतात. त्यांच्यातले करार उपकलम ४ मध्ये येतात. त्यात पाच प्रकार नावानिशी दिले आहेत : एका मालाबरोबर दुसरा माल घेण्याची सक्ती, फक्त आमच्याशीच व्यवहार करण्याचे बंधन, विक्रीच्या प्रदेशाची वाटणी, अमुक व्यक्तींशी व्यवहार करू नये अशी अट, आणि पुनर्विक्रीचा दर बांधून देणे. फ्रँचायझीधारकाने हे पाच प्रकार वाचले की आपल्याच कराराची अनुक्रमणिका वाचतो आहोत असे त्याला वाटते. माझ्याकडे कात्रण घेऊन आलेल्या तिघांनाही तसेच वाटले होते.

परंतु त्याच उपकलमात एक अट आहे आणि सारा कायदा त्या अटीवर फिरतो. असा करार तेव्हाच वर्ज्य ठरतो, जेव्हा त्याने भारतातील स्पर्धेवर लक्षणीय प्रतिकूल परिणाम होतो किंवा होण्याची शक्यता असते. म्हणजे नुकसान मोजायचे ते बाजारातल्या स्पर्धेचे. फ्रँचायझीधारकाच्या गल्ल्याचे नव्हे. कलम १९(३) मध्ये त्याची मोजपट्टी दिली आहे : नव्याने येणाऱ्यांची वाट अडते का, असलेले प्रतिस्पर्धी बाहेर फेकले जातात का, ग्राहकाला लाभ होतो की तोटा, वितरण सुधारते का, वगैरे. सांगलीतल्या एका दुकानदाराला कप महाग पडला म्हणून देशातल्या चहाच्या किंवा कपांच्या बाजारातली स्पर्धा आटली, असे कोणत्याही आयोगाला म्हणता येणार नाही. शिवाय उपकलम ५ प्रमाणे ट्रेडमार्कच्या रक्षणासाठी घातलेल्या वाजवी अटींना कायदा हात लावत नाही, आणि फ्रँचायझी म्हणजे तर मुळात ट्रेडमार्क भाड्याने देण्याचाच व्यवहार.

इथे कंपनीची बाजूही मांडायला हवी, कारण ती खोटी नाही. विश्रामबागेतला चहा आणि कराडच्या एसटी स्टँडसमोरचा चहा एकाच चवीचा असेल, या भरवशावरच गिऱ्हाईक पाटी बघून थांबते. माझ्या पक्षकारांनी उद्या स्वस्त पावडर आणून तीच पाटी वापरली, तर नुकसान फक्त कंपनीचे होणार नाही. कराडच्या फ्रँचायझीधारकाचेही होईल. युरोपीय न्यायालयाने २८ जानेवारी १९८६ रोजी नेमक्या याच प्रश्नावर जो निकाल दिला, तो आजही या विषयातला पाया मानला जातो. लग्नाचे पोशाख विकणाऱ्या प्रोनुप्शिया या फ्रेंच साखळीची जर्मनीतील हँबर्ग, ओल्डेनबर्ग आणि हॅनोव्हर येथील फ्रँचायझी एका महिलेकडे होती. रॉयल्टी थकली, कंपनीने दावा लावला, तेव्हा बाईंनी 'हा करारच स्पर्धाविरोधी आणि म्हणून रद्दबातल आहे' असा बचाव घेतला. न्यायालयाने कराराची कलमे जणू दोन ढिगांत वेगळी केली. कंपनीने शिकवलेले धंद्याचे तंत्र प्रतिस्पर्ध्याच्या हाती जाऊ नये आणि पाटीची पत टिकावी, यासाठी आवश्यक असलेल्या अटी स्पर्धेला बाधा आणत नाहीत. बाजारपेठा वाटून देणाऱ्या आणि विक्रीचा भाव बांधणाऱ्या अटी मात्र आणतात. माल अमुकांकडूनच घ्या असे कंपनी केव्हा म्हणू शकते, याचेही उत्तर त्यात आहे : मालाच्या दर्जाचे वस्तुनिष्ठ निकष लिहून देणे जिथे व्यवहार्य नसते तिथे, आणि तिथेही तोच माल दुसऱ्या फ्रँचायझीधारकाकडून घेण्याची मोकळीक हवी.

ही कसोटी मी आमच्या फाईलला लावून पाहिली. चहा-मसाल्याचे मिश्रण कंपनीकडूनच घ्या, हे मला पूर्ण पटते; सुंठ-वेलचीचे प्रमाण कागदावर लिहून दिले तर कंपनीकडे विकायला उरलेच काय? पण कागदी कपाचे निकष अर्ध्या पानात लिहिता येतात : इतके मिलिलिटर, इतकी जाडी, अमुक छपाई. तो कप कुणीही बनवू शकतो. कपाच्या सक्तीत पाटीची पत राखण्याचा भाग फारसा नाही, कमाई आहे. कमाई करणे गुन्हा नाही, हेही लगेच नोंदवतो. प्रश्न इतकाच, की ती कुठे आणि किती आहे हे देणाऱ्याला आधी सांगितले होते का. या मुद्द्याकडे मी पुन्हा येणार आहे.

कलम ४ चा, म्हणजे वर्चस्वाच्या गैरवापराचा, रस्ता तरी मोकळा आहे का? त्यासाठी कंपनी आधी त्या बाजारात वर्चस्व असलेली ठरावी लागते. भारतात या मुद्द्यावरचा सर्वांत बोलका आदेश हॉटेलांच्या फ्रँचायझीचा आहे. ओयो या साखळीशी करार केलेल्या एका हॉटेलचालक कंपनीने, करारातल्या अटी एकतर्फी आणि अन्यायकारक आहेत, अशी तक्रार स्पर्धा आयोगाकडे केली होती. आयोगाने 'भारतातील किफायतशीर हॉटेलांसाठीच्या फ्रँचायझी सेवांचा बाजार' अशी बाजाराची व्याख्या केली, त्यात ओयो ही महत्त्वाची कंपनी असल्याचे मान्य केले, पण ती वर्चस्व असलेली आहे असे म्हणता येत नाही, असे सांगून ३१ जुलै २०१९ रोजी प्रकरण बंद केले. इतक्या मोठ्या साखळीची ही कथा असेल, तर जिच्यासारख्या आणखी सहा-सात पाट्या एका विश्रामबागेच्या रस्त्यावर लागलेल्या आहेत, त्या चहाच्या कंपनीवर वर्चस्वाचा शिक्का कसा बसणार?

गंमत अशी, की त्याच ओयोला आयोगाने पुढे दंड केला, पण तो कोणत्या कारणासाठी ते पाहण्यासारखे आहे. १९ ऑक्टोबर २०२२ च्या आदेशाने मेकमायट्रिप-गोआयबिबो या ऑनलाइन आरक्षण करणाऱ्या समूहाला २२३.४८ कोटी आणि ओयोला १६८.८८ कोटी रुपयांचा दंड झाला. आरोपांपैकी मुख्य एक असा, की दोघांमधील समझोत्यामुळे ट्रीबो आणि फॅबहॉटेल्स या प्रतिस्पर्धी फ्रँचायझी साखळ्यांची हॉटेले आरक्षणाच्या संकेतस्थळावरून काढून टाकली गेली. या आदेशावर अपिले झाली, तो भाग वेगळा. पण दोन्ही प्रकरणे शेजारी ठेवली की कायद्याची नजर कुठे असते ते कळते. एका फ्रँचायझी कंपनीने दुसऱ्या फ्रँचायझी कंपनीची वाट अडवली, तिथे आयोग जागा झाला. फ्रँचायझी कंपनीने आपल्याच फ्रँचायझीधारकाला पिळले, या तक्रारीत त्याला आपले काम दिसले नाही. यात आयोगाचा दोष नाही. त्याला नेमून दिलेले काम स्पर्धा राखण्याचे आहे, आणि करारातल्या दुबळ्या पक्षाचा पालक म्हणून त्याला कोणी बसवलेले नाही.

एका बाबतीत मात्र आयोगाचे दार फ्रँचायझीधारकाला किंवा डीलरला खरोखर उघडू शकते, आणि ती बाब म्हणजे विक्रीचा दर. याचे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातलेच आहे. मारुती सुझुकीच्या विरोधातले प्रकरण एका डीलरच्या निनावी ई-मेलवरून सुरू झाले होते. कंपनीच्या भाषेतला 'पश्चिम-२' विभाग, म्हणजे मुंबई वगळता उरलेला महाराष्ट्र, हा त्या ई-मेलचा विषय होता. कंपनीने ठरवून दिलेल्या सवलतीपेक्षा जास्त सवलत ग्राहकाला द्यायची नाही, आणि दिली तर दंड, असे हे धोरण. डीलर ते पाळतो की नाही हे पाहायला गिऱ्हाईक म्हणून माणसे पाठवली जात. शोरूममध्ये गाडी बघायला आलेला 'ग्राहक' संभाषणाचा पुरावा घेऊन जाई, आणि मग डीलरकडे खुलासा मागणारा ई-मेल येई. दंड शोरूमलाही आणि विक्री करणाऱ्या कर्मचाऱ्यालाही. विशेष म्हणजे डीलरशिपच्या लेखी करारात सवलतीवर असे कोणतेही बंधन नव्हते, आणि कंपनीने तोच बचाव घेतला. आयोगाने ई-मेलच्या देवाणघेवाणीवरून समझोता सिद्ध धरला आणि २३ ऑगस्ट २०२१ रोजी २०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला. कंपनी अपिलात गेली व अपील न्यायाधिकरणाने वसुलीला स्थगिती दिली. त्याआधी ह्युंदाईवर अशाच कारणासाठी २०१७ मध्ये ८७ कोटींचा दंड झाला होता, तो पुढल्याच वर्षी अपील न्यायाधिकरणाने रद्द केला, कारण आयोगाने आपल्यासाठी चौकशी करणाऱ्या महासंचालकांच्या अहवालापलीकडे जाऊन पुराव्याची स्वतंत्र छाननी केली नव्हती. तेव्हा हे दार उघडते, पण आत गेल्यावर वाट सरळ नाही.

दराबाबत कायद्याच्या व्याख्येत एक बारीक खोच आहे, जी एकाही फ्रँचायझीधारकाला ठाऊक असलेली मला आढळली नाही. ठरवून दिलेल्या दरापेक्षा कमी दराने विकता येईल असे करारात स्पष्ट लिहिलेले असेल, तर ते 'पुनर्विक्रीचा दर बांधणे' ठरत नाही. म्हणजे कमाल दर बांधायला हरकत नाही. किमान दर बांधला की प्रश्न उभा राहतो. म्हणून आमच्या फाईलमध्ये 'कंपनीने वेळोवेळी कळवलेल्या दरानेच विक्री करावी' या वाक्यातला 'दरानेच' हा शब्द मला कपापेक्षाही जास्त खटकतो. (पावडर विकत घेऊन तिचा चहा करून विकणे ही 'पुनर्विक्री' म्हणावी का, यावर दोन वकील एक दिवस सहज भांडू शकतील.) पण इथेही स्पर्धेवरच्या परिणामाची अट सुटलेली नाही, आणि एका चहाच्या ब्रँडने दर बांधला तरी शेजारचा ब्रँड दोन रुपयांनी स्वस्त चहा विकतोच आहे.

आता मूळ दुखण्याकडे येतो. फ्रँचायझीधारक म्हणतो, 'बाजारात दहा ब्रँड असतील, पण मी साडेसात लाख रुपये या एका ब्रँडच्या रंगाच्या भिंतींवर आणि काउंटरवर घातले आहेत. आता माझ्यासाठी बाजार एकच उरला, आणि त्या बाजारात कंपनी सर्वेसर्वा आहे.' या युक्तिवादात दम आहे. किंबहुना भारतात तो एकदा मान्यही झाला आहे. मोटारींच्या सुट्या भागांच्या प्रकरणात ऑगस्ट २०१४ मध्ये आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून २,५४४.६५ कोटी रुपयांचा दंड केला, तेव्हा तर्क हाच होता : गाडी घेईपर्यंत ग्राहकापुढे अनेक कंपन्या असतात, पण एकदा गाडी घेतली की तिच्या सुट्या भागांसाठी तो त्याच कंपनीच्या दावणीला बांधला जातो, आणि त्या बाजारात प्रत्येक कंपनी वर्चस्व गाजवते. मग हाच तर्क चहाच्या दुकानाला का लागू नये?

याचे उत्तर अमेरिकेतल्या दोन खटल्यांत सापडते. १९७१ मध्ये चिकन डिलाइट नावाच्या साखळीविरुद्ध फ्रँचायझीधारक जिंकले. ती कंपनी फ्रँचायझी फी घेत नव्हती, रॉयल्टीही घेत नव्हती. तळण्याची भांडी, पिठाची मिश्रणे आणि चिन्ह छापलेली खोकी मात्र तिच्याकडूनच, बाजारापेक्षा चढ्या भावाने, घ्यावी लागत. कोंबड्या जिथून हव्या तिथून घ्या! आमच्या दूध-साखरेची आणि कपांची आठवण व्हावी, इतके हे साम्य आहे. पुढे १९९७ मध्ये डॉमिनोजच्या काही फ्रँचायझीधारकांनी कणकेपासून इतर जिन्नसांपर्यंत सारे कंपनीकडूनच घेण्याच्या सक्तीविरुद्ध दावा केला आणि ते हरले. न्यायालयाचे म्हणणे थोडक्यात असे, की करार करण्यापूर्वी यांच्यापुढे इतर साखळ्या होत्या, आणि ही अट करारात लिहिलेली होती. स्वतः सही केलेल्या करारामुळे आलेली अडचण म्हणजे बाजारातली मक्तेदारी नव्हे. गाडी घेणाऱ्याला पुढच्या दहा वर्षांत किती सुटे भाग लागतील आणि त्यांचा भाव काय असेल हे कळण्याचा मार्ग नसतो. फ्रँचायझी घेणारा मात्र करार वाचून सही करतो, असे गृहीत आहे.

माझा सारा आक्षेप या गृहीतकाला आहे. 'तुम्हाला सही करण्यापूर्वी माहीत होते' या एका वाक्यावर फ्रँचायझीधारक हरतो, आणि आपल्याकडे त्याला ते माहीत असेल याची तजवीज कोणत्याही कायद्याने केलेली नाही. भारतात फ्रँचायझीसाठी स्वतंत्र कायदा नाही. माझ्या पक्षकारांच्या करारात 'कप कंपनीकडूनच घ्यावेत' असे लिहिले आहे, पण कपाचा भाव लिहिलेला नाही; 'कंपनीच्या प्रचलित दरपत्रकाप्रमाणे' असे आहे, आणि ते दरपत्रक त्यांना सही केल्यानंतर, पहिल्या खेपेच्या बिलासोबत मिळाले. त्यांना माहीत होते असे म्हणायचे तर कशाच्या बळावर?

अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनचा फ्रँचायझी नियम १९७९ पासून लागू आहे. त्याप्रमाणे सही होण्याच्या किंवा पैसे घेण्याच्या किमान १४ दिवस आधी कंपनीला २३ बाबींची माहिती देणारा दस्तऐवज द्यावा लागतो. किती दुकाने उघडली, किती बंद पडली, किती हस्तांतरित झाली. आजी-माजी फ्रँचायझीधारकांशी संपर्क कसा साधावा. आणि आपल्या दृष्टीने सर्वांत मोलाचे, कोणता माल कंपनीकडून किंवा कंपनी सांगेल त्यांच्याकडूनच घ्यावा लागेल आणि त्या खरेदीतून कंपनीला किती उत्पन्न मिळते. आमचा ३७ पैशांचा फरक त्या एका बाबीखाली आपोआप उजेडात आला असता. चीनने २००७ मध्ये याच्याही पुढे जाऊन, ज्या कंपनीची स्वतःची किमान दोन दुकाने एक वर्षाहून अधिक काळ चाललेली नाहीत तिने फ्रँचायझी विकूच नये, असा नियम केला. आपल्याकडे मात्र स्वतःचे एकही दुकान धड न चालवता पन्नास फ्रँचायझी विकता येतात, आणि विकल्या जातात हे मी स्वतः पाहिलेले आहे.

महाराष्ट्राला हा विचार परका असण्याचे कारण नाही. बिल्डरने जमिनीचा मालकी हक्क, मंजूर नकाशे आणि इतर माहिती ग्राहकापुढे उघड करावी, हे बंधन आपल्या राज्याने १९६३ च्या सदनिका मालकी कायद्याने, म्हणजे आपल्या परिचयाच्या 'मोफा'ने, घातले. केंद्राचा रेरा कायदा त्यानंतर अर्ध्या शतकाने, २०१६ मध्ये आला. करार हा विषय समवर्ती सूचीत आहे, म्हणजे त्यावर राज्यालाही कायदा करता येतो. फ्लॅट घेणाऱ्याला जे मिळाले, ते आयुष्याची पुंजी पाटीत घालणाऱ्या माणसाला मिळू नये असे काय आहे, हा प्रश्न आपल्या लोकप्रतिनिधींना विचारण्यासारखा आहे. स्पर्धा कायद्याच्या अंगाने पाहिले तरी याचा उपयोग आहे : माहिती उघड झाली की कपाच्या भावावरून ब्रँडब्रँडमध्येच स्पर्धा लागेल, आणि ज्या टप्प्यावर फ्रँचायझी घेणाऱ्याच्या हातात निवड असते, त्याच टप्प्यावर लागेल.

तोपर्यंत जे कायदे आहेत त्यांतले एक कलम दुकानदारांनी लक्षात ठेवावे, कारण ते स्पर्धा कायद्यापेक्षा कितीतरी जुने आणि स्वस्त आहे. भारतीय करार कायदा, १८७२ चे कलम २७ सांगते, की कोणालाही कायदेशीर धंदा करण्यापासून रोखणारा करार त्या मर्यादेपर्यंत रद्दबातल असतो. करार चालू असताना प्रतिस्पर्ध्याचा माल ठेवू नये, हे बंधन मात्र चालते. गुजरात बॉटलिंग विरुद्ध कोका-कोला या १९९५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ते फ्रँचायझीच्याच संदर्भात स्पष्ट केले. पार्ल्याच्या कंपनीचे थम्स अप आणि लिम्का कोका-कोलाने घेतल्यानंतर बाटल्या भरणाऱ्या कंपनीचे शेअर पेप्सीच्या बाजूला गेले, त्यातून उद्भवलेला तो वाद होता आणि मुंबई उच्च न्यायालयातून वर गेला होता. करार संपल्यानंतरच्या बंधनाची गोष्ट वेगळी. आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खानने जुन्या जाहिरात-व्यवस्थापन कंपनीशी करार संपल्यावर दुसरीकडे जाऊ नये म्हणून त्या कंपनीने धाव घेतली, तेव्हा २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने करारोत्तर बंधन कलम २७ खाली टिकत नाही असे सांगितले. तेव्हा आमच्या फाईलमधली 'तीन वर्षे, पाच किलोमीटर' ही धमकी न्यायालयात कितपत उभी राहील, याविषयी मला दाट शंका आहे. कंपनीची पाकक्रिया आणि नाव वापरता येणार नाही, ते सोडून. माझ्या पक्षकारांची अर्धी झोप या एका अटीने घालवली होती. आणि ज्यांना आयोगाकडे जायचेच आहे त्यांनी हे ध्यानात घ्यावे, की २०२३ च्या दुरुस्तीने तक्रारीला कारण घडल्यापासून तीन वर्षांची मुदत घातली आहे; पाच वर्षांचा करार संपेपर्यंत गप्प राहून मग जाऊ म्हटले तर उशीर झालेला असेल.

शेवटी आपल्या दैनिकाकडे एक विनंती. रविवारच्या अंकात 'रॉयल्टी शून्य', 'महिना लाखाची हमी' अशा फ्रँचायझीच्या जाहिराती असतात, आणि माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बहुतेकांची सुरुवात तिथूनच झालेली असते. जाहिरात स्वीकारताना दोनच आकडे मागावेत : गेल्या तीन वर्षांत किती दुकाने उघडली आणि किती बंद झाली. जी कंपनी ते देणार नाही, तिची जाहिरात त्या दोन रिकाम्या चौकटींसह छापावी.

हे पत्र लिहीत असतानाच ते गृहस्थ येऊन गेले. जावयासाठी मिरजेत एक गाळा पाहिला आहे, ब्रँड वेगळा आहे. कराराचा मसुदा ते माझ्याकडे ठेवून गेले, आणि या खेपेला त्यांनी स्वतःच पेन्सिलीने एका कलमावर खूण केली आहे : 'पॅकिंग साहित्य कंपनीकडून, प्रचलित दराप्रमाणे.' समासात त्यांनी लिहिले आहे, 'कप किती?'

आपला नियमित वाचक,
एक कर सल्लागार, सांगली